डाव्या पायाला करंट दिला तर मेंदूत सिग्नल कुठं उठतो? आमच्या कोल्हापूरच्या प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

आजपासून नोंदी ठेवायच्या ठरवल्या. मागच्या वर्षी काकांचं मणक्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चालू असताना त्यांच्या घोट्याला करंटचे बारीक झटके देत होते आणि डोक्यावर त्याचं उत्तर येतंय का ते एक जण शेवटपर्यंत स्क्रीनवर बघत बसला होता असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. उत्तर येतंय म्हणजे पायापासून डोक्यापर्यंतचा रस्ता शाबूत आहे. तेव्हापासून हा विषय मनातनं गेलाच नाही, आणि एम.टेक.च्या प्रकल्पाला मी हाच घेतला: ते उत्तर मेंदूच्या नेमक्या कुठल्या जागेतनं निघतं ते शोधायचं.

तयारी अशी. न्यूरॉलॉजीच्या मॅडमनी त्यांचा स्टिम्युलेटर वापरायला दिलाय, पेशंटसाठी असतो तोच. ३२ इलेक्ट्रोडची टोपी आणि ईईजीचा (डोक्यावरनं मेंदूची वीज टिपायचा) अँप्लिफायर दुसऱ्या एका डिपार्टमेंटकडनं काही महिन्यांसाठी उसना आणला. एथिक्स कमिटीच्या परवानगीत दोन महिने गेले, तुम्ही करणार असाल तर ते आधीच धरून चला. आणि एक कळकळीनं सांगते, नेटवर बघून घरी सर्किट बनवून कुणाच्या पायाला करंट देऊ नका. मशीन प्रमाणितच पाहिजे आणि डॉक्टर खोलीत पाहिजेत.

पहिली सब्जेक्ट मी स्वतः. मशीनवर माझी ज्युनिअर आणि मॅडम.

९ जून

पहिलं रेकॉर्डिंग पूर्ण वाया.

आईनं आदल्या दिवशी केसांना चप्प तेल लावलं होतं आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही. इम्पिडन्स, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा, ५ किलोओमच्या खाली पाहिजे तर अर्ध्या इलेक्ट्रोडला ४०-५० दाखवत होता. स्पिरीट, घासायची जेल, पुन्हा स्पिरीट, असं करता करता दीड तास टोपीतच गेला. घोट्याचं पण तसंच, वर्षानुवर्षं कोल्हापुरी चप्पल घातलेली माझी पावलं, कातडी जाड. तिथं पण घासावं लागलं. आता सब्जेक्टला फोन करतानाच सांगायचं की आदल्या रात्री शॅम्पू करा आणि तेल लावू नका.

एवढं करून सिग्नल सपाट. कारण मी अँप्लिफायर आधीच्या माणसानं ठेवलेल्या सेटिंगवरच चालवला: सेकंदाला २५६ सॅम्पल (म्हणजे मोजण्या) आणि ३० हर्ट्झच्या वरचं सगळं कापणारा फिल्टर. झोपेच्या ईईजीला ते चालतं. इथं आपल्याला हवी ती लाट ४० मिलिसेकंदाच्या आसपास येते आणि काही मिलिसेकंदात संपते. २५६ ला दोन सॅम्पलमध्ये जवळजवळ ४ मिलिसेकंदाचं अंतर, वर ३० चा फिल्टर म्हणजे लाट पसरून सपाटच होणार. आता २००० सॅम्पल आणि फिल्टर ३० ते ५०० असा ठेवलाय. लाईटची ५० हर्ट्झची लाट कापणारा नॉच फिल्टर पण बंद, कारण तो झटक्याच्या टोकदार आर्टिफॅक्टमागं (झटक्याची वीज थेट रेकॉर्डिंगमध्ये उमटते ती खूण) खोट्या लाटा उठवतो आणि त्या अगदी खऱ्या वाटतात.

१४ जून

झटके सेकंदाला ५ ठेवले होते, आकडा सोपा म्हणून. १००० झटक्यांचं अ‍ॅव्हरेज काढलं तर स्क्रीनवर सुंदर गुळगुळीत लाट, मला इतका आनंद झाला की मी सरांना फोन केला. सरांनी विचारलं, "दोन शिखरांत किती अंतर आहे बघ." २० मिलिसेकंद. म्हणजे भिंतीतल्या वायरीची ५० हर्ट्झची लाट.

कारण असं की ५० ला ५ नं पूर्ण भाग जातो, त्यामुळं प्रत्येक झटक्याच्या वेळी लाईटची लाट त्याच टप्प्यावर असते, आणि अ‍ॅव्हरेज घेताना ती पुसली जायच्या ऐवजी साचत जाते. झटके सेकंदाला ४.७ केले. तीच खोली, त्याच वायरी, आणि लाट गायब. १००० झटक्यांना साडेतीन मिनिटं लागतात. प्रत्येक पायाचे असे दोन सेट घ्यायचे आणि एकावर एक ठेवून बघायचे, दोन्हीत जे सारखं येतं तेवढंच खरं.

२० जून

अजून एक आठवडा गेला. लाट यायला लागली पण बुटकी, पसरलेली, आणि शिखर ५२ ला. माझी उंची पाच फूट, माझ्यात ते ४० च्या आतच यायला पाहिजे होतं.

चूक ट्रिगरमध्ये होती. झटक्याचा हुकूम आणि ईईजीच्या फाईलमधली खूण दोन्ही लॅपटॉपमधनं सॉफ्टवेअरनं पाठवत होतो, आणि झटका खुणेनंतर दरवेळी थोड्या वेगळ्या उशिरानं बसायचा, कधी ८ मिलिसेकंद, कधी २०. १००० लाटा अशा मागंपुढं सरकवून एकमेकींवर टाकल्या तर शिखर राहणारच नाही. आणि पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता: झटक्याचा स्वतःचा आर्टिफॅक्ट शून्यावर एका रेषेसारखा उभा दिसायला पाहिजे, आमचा बारा मिलिसेकंद रुंद ढिगारा दिसत होता. मी तो "आर्टिफॅक्टच आहे" म्हणून बघतच नव्हते. तुम्ही सगळ्यात आधी तोच बघा.

दुरुस्ती: स्टिम्युलेटरच्या ट्रिगर आउटमधनं थेट वायर, मध्ये ऑप्टोकप्लर (सिग्नल उजेडानं पुढं देणारा पार्ट), तिथनं अँप्लिफायरच्या ट्रिगर पोर्टमध्ये. ऑप्टोकप्लर अशासाठी की दोन मशीनमध्ये विजेची सरळ जोडणी होऊ नये, मध्ये माणूस असतो. शाहूपुरीतनं पार्ट आणले, सगळे मिळून १८० रुपये. एक आठवडा आणि १८० रुपये.

२७ जून

आली! डावा पाय, घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागं इलेक्ट्रोड, कॅथोड (निगेटिव्ह टोक) वरच्या बाजूला म्हणजे गुडघ्याकडं (आधी उलटा लावला होता, मॅडमनी लगेच पकडलं), ०.२ मिलिसेकंदाचा झटका, आणि अंगठा थोडासा हलेपर्यंतच करंट. दुखत नाही, टिचकी मारल्यासारखं वाटतं. ३६ मिलिसेकंदाला स्वच्छ पॉझिटिव्ह शिखर. याला पी-४० म्हणतात, काही ठिकाणी पी-३७, तीच लाट. दोन्ही सेट एकावर एक तंतोतंत बसले.

पण बाजू चुकीची.

डाव्या पायाची जाणीव उजव्या मेंदूत जाते हे शाळेपासून शिकलोय. आमचं शिखर मधोमध आणि तिथनं डावीकडं कललेलं. उजवीकडं तर उलट निगेटिव्ह.

११ जुलै

आठवडाभर मी वायरीच तपासत होते. टोपीच्या कनेक्टरच्या पिना मल्टिमीटरनं एकेक करून मोजल्या, उद्यमनगरमधल्या एका मिस्त्रीकडनं अ‍ॅडॉप्टर नव्यानं सोल्डर करून घेतला (४५० रुपये आणि दोन फेऱ्या, तेही धो धो पावसात), अँप्लिफायरच्या चॅनेलची यादी तीनदा वाचली. कुठंच डावं-उजवं उलटलेलं नाही. शेवटी ५ जुलैला वैतागून मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, डाव्या इलेक्ट्रोडची नावं उजव्यांना आणि उजव्यांची डाव्यांना. शिखर "बरोबर" बाजूला गेलं आणि मी पुढच्या कामाला लागले.

ही ओळ लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

१२ जुलै

मॅडमना ग्राफ दाखवला. त्यांनी विचारलं, "आधी कुठं होतं?" मी म्हटलं, डावीकडं, पण ते मी दुरुस्त केलं. त्या म्हणाल्या, "अगं, डावीकडंच येतं ते! काढ ती ओळ."

मग त्यांनी कागदावर मेंदू काढला. हाताचा भाग मेंदूच्या बाहेरच्या अंगाला असतो. पायाचा भाग मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमध्ये जी उभी फट आहे तिच्या आतल्या भिंतीवर. पेनफिल्ड आणि बोल्ड्री या मेंदूच्या सर्जननी १९३७ साली जागं असलेल्या पेशंटच्या मेंदूला करंट देऊन शरीराचा नकाशा काढला त्यातही पाय तिथंच आहे. आता उजव्या मेंदूची ही आतली भिंत तोंड करून आहे डावीकडं. तिथं तयार झालेल्या विजेचं पॉझिटिव्ह टोक भिंतीला काटकोनात निघतं, म्हणजे डावीकडं. अरुंद बोळात उजव्या घराच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहा आणि बॅटरी मारा, उजेड पडणार डाव्या घरावर. माणूस उजवीकडं, उजेड डावीकडं. क्रूस, क्लेम, लेसर आणि ल्यूडर्स या संशोधकांनी १९८२ सालीच हे लिहून ठेवलंय. आठवडाभर मी मल्टिमीटर धरून बसण्याआधी एकदा मॅडमना विचारलं असतं तर झालं असतं.

पण वायरी खरंच बरोबर आहेत हे कशावरनं? त्यालाही त्यांच्याकडं सोपा उपाय होता: हाताची टेस्ट. डाव्या मनगटाला झटका दिला तर २० मिलिसेकंदाची निगेटिव्ह लाट, एन-२०, उजव्या बाजूलाच यायला पाहिजे, कारण हाताच्या लाटेत हा फटीचा प्रश्न येत नाही. दहा मिनिटांत केलं. उजवीकडं आली, स्वच्छ. म्हणजे टोपी बरोबर, वायरी बरोबर, पाय पण बरोबर. आता प्रत्येक सेशनची सुरुवात हाताच्या ५०० झटक्यांनी करायची, दोन मिनिटं पण लागत नाहीत आणि डाव्या-उजव्याचा प्रश्न तिथंच मिटतो.

काकांच्या ऑपरेशनची आठवण झाली. तिथं कुणी "उलट बाजू" समजून फक्त उजवीकडचा इलेक्ट्रोड बघत बसला तर सिग्नल बारीक किंवा उलटा दिसेल आणि रस्ता शाबूत असून भीती बसेल. त्या दिवशी घरी जाताना हेच डोक्यात होतं.

१९ जुलै

दुसरा सब्जेक्ट आला, तालमीतला पैलवान, भावाचा मित्र, उंची सहा फूट एक इंच. अंगठा हलायला लागल्यावर म्हणतो, "ताई, माझा अंगठा मला न इचारताच उडाय लागलाय की ओ!" मग पाच मिनिटांत घोरायला लागला. आम्हाला बरंच झालं, मानेचे स्नायू सैल पडले की ईईजी इतका साफ येतो की बोलायची सोय नाही.

शिखर ४५ ला. उंच माणसात उशिरा येणारच, नस लांब आहे, पण ४५ जरा जास्त वाटलं. गुडघ्याच्या मागं एक जादा इलेक्ट्रोड लावला होता, नस तिथनं जाताना दिसावी म्हणून, आणि बघतो तर उशीर तिथंच झालेला. पाय हाताला गार लागत होते. पावसात भिजत मोटरसायकलवर आलेला. नस गार पडली की तिच्यातला वेग कमी होतो. गरम पाण्याच्या पिशवीनं वीस मिनिटं शेकलं, शिखर ४३ ला आलं. आता टॉवेल, गरम पाण्याची पिशवी आणि त्वचेचं तापमान मोजायचा थर्मामीटर खोलीतच ठेवलाय. गुडघ्यामागचा इलेक्ट्रोड नसता तर हे दोन मिलिसेकंद मी मेंदूच्या नावावर लिहिले असते.

२५ जुलै

राजाराम बंधारा पाण्याखाली, पैलवानाला गावाहून येता आलं नाही. म्हटलं तोवर माझा एमआरआय करून घेऊ.

साडेचार हजार वाया गेले. मी नुसतं "मेंदूचा एमआरआय" म्हणून सांगितलं, त्यांनी नेहमी करतात तसा केला, ५ मिलिमीटरच्या जाड चकत्या, कान पण कापले गेलेले. चूक त्यांची नाही, मीच सांगितलं नाही. तुम्ही चिठ्ठीवर लिहून न्या: थ्री-डी टी-वन, सगळ्या बाजूंनी १ मिलिमीटर, नाकाचं टोक आणि दोन्ही कान फोटोत आले पाहिजेत, आणि डिकॉम, म्हणजे एमआरआयच्या मूळ फाईलची सीडी. मेंदूची घडी न घडी कॉम्प्युटरला दिसायला पाहिजे, आणि नाकाचा खड्डा आणि कान नसतील तर टोपी डोक्यावर कुठं होती हे कॉम्प्युटरला सांगताच येत नाही.

५ ऑगस्ट

परत एमआरआय, या वेळी पैसे सरांनी प्रकल्पातनं दिले. नाकाच्या मुळाशी आणि दोन्ही कानांपुढं टेपनं व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल चिकटवल्या, आतलं तेल एमआरआयमध्ये पांढरं चमकतं. आणि उजव्या कपाळावर एक जादा कॅप्सूल, फक्त उजव्या. ही मॅडमची कल्पना. रेडिऑलॉजीच्या स्क्रीनवर पेशंटची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला दिसते, फाईल एका सॉफ्टवेअरमधनं दुसऱ्यात नेताना उलटापालट व्हायला वेळ लागत नाही, आणि आमचा सगळा प्रश्नच डाव्या-उजव्याचा. कॅप्सूल दिसली ती बाजू उजवी. चौदा रुपयांत आयुष्यभराची शंका गेली.

११ ऑगस्ट

फ्रीसर्फर लावला, एमआरआयमधनं मेंदूचा पृष्ठभाग काढून देतो. माझ्या लॅपटॉपवर नऊ तास. पहिल्या रात्री सातव्या तासाला लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली. दुसऱ्या रात्री सरांच्या केबिनमधल्या यूपीएसवर लावला.

मग टोपी आणि डोकं जुळवायचं काम. इलेक्ट्रोडच्या जागा मोजायचं मशीन परवडण्यासारखं नाही, म्हणून टोपी घालून स्टुलावर बसायचं आणि ज्युनिअरनं मोबाईलनं चारी बाजूंनी साठ-सत्तर फोटो काढायचे, त्यावरनं थ्री-डी मॉडेल. फोटोत दिसलं की मधला इलेक्ट्रोड नाक आणि मागच्या हाडाच्या मधोमध नाही, दीड सेंटीमीटर मागं सरकलाय. अंबाडा! टोपी अंबाड्यावर अडकून मागं ओढली जात होती. आता दोन वेण्या, कानामागनं खाली. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खऱ्या जागा फोटोवरनंच घातल्या.

१९ ऑगस्ट

डायपोल फिट, एमएनई-पायथन या ईईजीच्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे कॉम्प्युटर मेंदूत एक बारीक बॅटरी ठेवून बघतो आणि डोक्यावरचा नकाशा जुळेपर्यंत ती हलवतो, फिरवतो. फक्त शिखराच्या आसपासचे ४ मिलिसेकंद घेतले. पहिल्यांदा ३० ते ७० एवढा मोठा तुकडा एकाच बॅटरीवर बसवायचा प्रयत्न केला तर ती पार कवटीच्या तळाशी गेली, कारण ५० च्या पुढं एकापेक्षा जास्त जागा कामाला लागलेल्या असतात.

आधी तयार मिळणाऱ्या सरासरी डोक्यावर केलं. डाव्या पायाची बॅटरी मध्यरेषेच्या ३ मिलिमीटर डावीकडं. म्हणजे परत चुकीचा मेंदू. मग माझ्या स्वतःच्या एमआरआयवर: चारपैकी तीन रेकॉर्डिंग मध्यरेषेच्या उजवीकडं ५ ते ७ मिलिमीटर, फटीच्या भिंतीला लागून, तोंड (पॉझिटिव्ह टोक) डावीकडं. चौथं सरळ डाव्या मेंदूत, तोंड उजवीकडं, बाकीच्यांच्या आरशातल्या प्रतिमेसारखं.

आरशातली प्रतिमा म्हटल्यावर पोटात गोळा आला. चौथ्याची तारीख ६ जुलै. ती ओळ. स्क्रिप्टमधनं मी ती १२ जुलैला काढली, पण ५ ते १२ च्या मधलं रेकॉर्डिंग उलट्या नावांनी सेव्ह करून मूळ फाईल पुसली होती. नावं परत उलटवल्यावर चौथंही बाकीच्या तिघांशेजारी जाऊन बसलं. आता मूळ फाईली एका पेनड्राईव्हवर, तो सरांच्या कपाटात, आणि जे काही बदलायचं ते स्क्रिप्टमध्ये, फाईलमध्ये काही नाही.

२८ ऑगस्ट

सरांनी बरोबर शंका काढली: "अशा फिटमध्ये पाच-दहा मिलिमीटर चूक सहज असते, आणि दोन्ही पायांच्या जागा फटीच्या दोन बाजूंना, एकमेकींपासून जेमतेम सेंटीमीटरभर. मग उजवा मेंदू की डावा हे तू जागेवरनं कशी सांगतेस?"

नाहीच सांगता येत. म्हणून आज एकाच बैठकीत, टोपी न हलवता, दोन्ही पाय घेतले. टोपी सरकली असेल तर दोन्ही निकाल सारखेच सरकतील, पण त्यांच्यातला फरक टिकेल. डावा पाय: उजवीकडं ६ मिलिमीटर, तोंड डावीकडं आणि थोडं वर. उजवा पाय: डावीकडं ४ मिलिमीटर, तोंड उजवीकडं. जागेपेक्षा तोंडाची दिशा जास्त भरवशाची निघाली, प्रत्येक वेळी तीच आली. आता मी कुणालाही आधी दिशा दाखवते आणि मग जागा.

कवटीचा आकडा पण बदलून बघितला. सॉफ्टवेअर कवटीला मेंदूच्या पन्नासपट कमी वाहक धरतं, जुन्या पेपरांत ऐंशीपट, अलीकडं वीसच्या आसपास धरणारे बरेच. पन्नासचे वीस केले तर दोन्ही बॅटऱ्या काही मिलिमीटर खोल गेल्या. डावं-उजवं आणि दिशा जागच्या जागी. म्हणजे खोलीचा आकडा लिहिताना कवटीला काय धरलं तेही शेजारी लिहायचंच.

६ सप्टेंबर

पैलवानाचे दोन्ही पाय झाले. त्याचं शिखर अगदी मधोमध, कुठल्याच बाजूला फारसं कललेलं नाही, आणि बॅटरीचं तोंड जवळजवळ सरळ वर. मी घाबरून आधी हाताची टेस्ट बघितली, ती बरोबर. मॅडम म्हणाल्या काही जणांत पायाचा भाग फटीच्या आत नसून वरच्या काठावर येतो, मग सिग्नल वरच जाणार. त्याचा एमआरआय व्हायचाय, सध्या सरासरी डोक्यावरच केलंय, म्हणून त्याच्या जागेचा आकडा इथं लिहीत नाही.

पायाच्या झटक्याला उत्तर देणारी मेंदूतली दुसरी जागा, कानाच्या वरच्या बाजूला आत, जी १०० मिलिसेकंदाच्या आसपास दोन्हीकडं उठते, ती कुणातच मिळाली नाही. सेकंदाला ४.७ झटके दिले तर ती थकून गप्प बसते, तिला दोन झटक्यांत काही सेकंदांची उसंत लागते. १५० झटके, प्रत्येकी तीन सेकंदांनी, म्हणजे साडेसात मिनिटं, आणि या वेळी सब्जेक्ट जागा पाहिजे. टोपी परत करायला आठवडा राहिलाय. पैलवानाला रविवारी सकाळी बोलावलंय, तालमीतनं परस्पर न येता अंघोळ करून, डोक्याला तेल न लावता. "ताई, तेलाशिवाय रविवार म्हंजे अवघडच हाय," म्हणाला, पण येतो म्हणालाय.